वादळासाठी तळघर: पेवापासून स्लॅबपर्यंत

एप्रिल-मेमध्ये विदर्भात अवकाळीने गावातल्या टिना, म्हणजे छपराचे पत्रे, उडवले की आता कुणी ना कुणी विचारतंच, घराखाली एक पक्की खोली खोदून घेतली तर? मोबाईलवर अमेरिकेतल्या तसल्या खोल्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. प्रश्न रास्त आहे, पण खोदायच्या आधी मागचं थोडं माहीत असावं.

तिकडच्या गवताळ मैदानांत वस्ती करणाऱ्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली कोठ्या केल्या त्या मुळात बटाटे, कंदमुळं थंडीत टिकवायला. टोर्नेडो, म्हणजे जमिनीला टेकणारा वाऱ्याचा प्रचंड भोवरा, आला की घरचे त्यातच उतरत. त्याला शास्त्राची जोड मिळाली ती पुढे. ११ मे १९७० रोजी टेक्सासमधल्या लबक शहराचा मोठा भाग अशाच टोर्नेडोने उद्ध्वस्त झाला आणि तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठाने पडलेल्या घरांचा अभ्यास सुरू केला. त्या कामातून १९९८ मध्ये घरातल्या सुरक्षित खोलीचे सरकारी नकाशे निघाले. पुढच्याच वर्षी, ३ मे १९९९ला, ओक्लाहोमातल्या मूर भागात आलेल्या टोर्नेडोत रडारने ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास वारा मोजला.

जमिनीखाली साठवण आपल्याकडेही होतीच. ज्वारीचं पेव पांढरीत खोदत, म्हणजे गावठाणाच्या जागेत, काळीत नाही. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, आत पोट मोठं. कडेने कडबा लावून धान्य भरायचं आणि तोंड दगड-मातीने लिंपायचं. उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. आधी वारा लागू द्यायचा, मग कंदील सोडून बघायचा. विझला तर आत हवा नाही. धान्य श्वास घेतं आणि प्राणवायू संपवतं. घाईने उतरलेली माणसं त्यात गेलेली आहेत. त्यामुळे तिकडच्या कोठीसारखं आपलं पेव कधी माणसांचा आसरा झालं नाही. पुढे वावरातली ज्वारीच घटली, सोयाबीन आलं आणि पेवं बुजली.

शिवाय तशी गरजही फारशी नव्हती. पश्चिम विदर्भातली जाड भिंतींची, सपाट मातीच्या छपराची धाब्याची घरं वाऱ्याला दाद देत नसत. इतरत्र कवेलू, म्हणजे मातीची कौलं, होते. वाऱ्याने चार कवेलू सरकले तरी सगळं छप्पर एकदम जात नसे. मग माकडांनी कवेलू फोडले, ते शाकारणारे हात कमी झाले आणि टिना आल्या. टिनेवर दगड ठेवून भागवायची सवय लागली, आणि वादळात माणूस दगावतो तो पुष्कळदा याच टिनेने, याच दगडाने. माझ्या मते आजच्या भीतीचं खरं मूळ या बदललेल्या छपरात आहे.

नागपूरसाठी बांधकामाच्या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. मूरच्या वाऱ्याचा हा तिसरा हिस्सा. नीट बांधलेली स्लॅबची एक खोली त्याला पुरते. गारपिटीलाही तीच उपयोगी. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवते त्यांना हे वेगळं सांगायला नको.

वीज मात्र माणसाला बहुधा घरात नाही, वावरात गाठते. देशात दरवर्षी दोन हजारांवर माणसं विजेने मरतात. घराखालची खोली वावरातल्या मजुराच्या काय कामाची? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं. ती बघून झाडाखाली न थांबता वेळेत पक्क्या घरात येणं, हेच तिथे जीव वाचवतं.

तरीही खोदायचंच असेल तर जुन्या लोकांची जागेची निवड मोडू नये. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या दाबाने भिंती तडकतात. जमिनीतलं पाणी वर आलं तर खोली रिकाम्या टाकीसारखी उचललीही जाते. भंडारा-गोंदियाकडे, धानाच्या बांध्यांजवळ, हा धोका जास्त. मुरमाची उंच जागा, दोन तोंडं, हवेसाठी जाळी लावलेला पाईप आणि पाणी काढायची सोय एवढं नसेल, तर तोच पैसा एका खोलीच्या स्लॅबला लावावा.