चिंचोके, टकळी आणि कुलूपबंद पेटी : विदर्भातल्या शाळांमधल्या शैक्षणिक साहित्याची पार्श्वभूमी

विदर्भातल्या बहुतेक जिल्हा परिषद शाळांत पहिलीच्या वर्गात दोन-चार डबे असतातच. एकात चिंचोके, एकात बाटल्यांची झाकणं, एकात दहा-दहाच्या गठ्ठ्यांना रबर लावलेल्या आइसक्रीमच्या काड्या. मी सध्या ज्या शाळेत आहे तिथे डब्यांवरची नावं मुलांनीच लिहिली आहेत. एकावर ‘चिचोके’ लिहिलंय, अनुस्वाराशिवाय, कारण आमच्याकडे चिंचेला चिच म्हणतात. मी ते खोडलं नाही.

पाहुणे आले की हे डबे ‘नवोपक्रम’ म्हणून पुढे येतात. पण त्यांच्यामागे फार लांबचा प्रवास आहे आणि त्यातला सगळ्यात धाडसी टप्पा आपल्याच मातीत, वर्ध्याला घडला. हा प्रवास मी एकच प्रश्न धरून पाहते : त्या त्या काळी साहित्य कोणाच्या हातात होतं? मुलाच्या, गुरुजींच्या, की कपाटाच्या?

सरकारी शाळा खेड्यात पोचण्याआधी पंतोजी कुणाच्या तरी पडवीत शाळा भरवत. साहित्य म्हणजे धूळपाटी. फळीवर बारीक माती पसरायची, बोटाने अक्षर गिरवायचं, हाताने सपाट करून पुन्हा गिरवायचं. बाकी सगळं तोंडी. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. आज हे ऐकून मुलं हसतात, पण त्या पाढ्यांना बाजाराचा आधार होता. चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी असताना सव्वा मण सरकीचा हिशेब पेन्सिलीशिवाय करायचा तर सवायकी लागणारच. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं, पुढच्या दशकात कापसाला तेजी आली, तेव्हा हे तोंडी गणित इथे पोटापाण्याचं होतं. मात्र त्या पडवीत मुलींना आणि गावकुसाबाहेरच्या मुलांना जागा नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात मोडी-बालबोध लिपी आणि हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही मागितलं. ज्याच्या घरी शेती आहे त्याच्या मुलाला शाळेत शेती भेटावी, ही मागणी इतकी जुनी आहे.

मग आलं १९३७. गांधीजी आदल्या वर्षापासून वर्ध्याजवळच्या शेगावला राहत होते. बुलढाण्याच्या शेगावाशी टपालाची गल्लत होऊ लागली, म्हणून पुढे या गावाचं नाव सेवाग्राम झालं. २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. डिसेंबरात अहवालही आला. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत, सक्तीचं, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं शिक्षण, असा त्याचा गाभा. साडेपाच तासांच्या शाळेतले ३ तास २० मिनिटं त्या मूलोद्योगाला दिलेली होती. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला, ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी यांनी सेवाग्रामला तो उभा केला.

हीच नई तालीम. लोकांना ती म्हणजे मुलांना सूत कातायला बसवणं एवढंच आठवतं, म्हणून इथे थोडं थांबते. कापूस शाळेत आला की आधी तो निवडायचा, सरकी वेगळी करायची, पिंजायचा, पेळू म्हणजे कापसाच्या वाती वळायच्या, मग टकळीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या चातीवर, कातायचं. कातलेलं सूत मोजायचं. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लटींची एक गुंडी. आता दहा वर्षांच्या पोराला विचारा, एका गुंडीत किती फूट सूत? ६४० गुणिले ४, म्हणजे २५६०. आजच्या मापात ७८० मीटर, शाळेपासून थेट गावाच्या शिवेपर्यंत. हे सगळं त्याच्या स्वतःच्या बोटांतून निघालेलं! गुणाकार, लांबी, वजन, सुताचा नंबर म्हणजे ते किती बारीक, रोजची सरासरी, आणि मग हा कापूस काळ्या जमिनीतच चांगला का येतो, तो जातो कुठे, भाव कोण ठरवतो, हे सगळे प्रश्न. गणित, भूगोल आणि अर्थकारण एका टकळीला लटकलेलं. शैक्षणिक साहित्याचा याहून पक्का नमुना माझ्या पाहण्यात नाही. विदर्भात तर कापूस विकतही आणावा लागत नव्हता.

आक्षेप आले आणि ते रास्त होते. मुलांच्या सुताच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची अपेक्षा अनेकांना खटकली; शाळेचा कारखाना होईल अशी भीती होती. खुद्द समितीनेच अहवालात बजावलं होतं की, आर्थिक बाजूवर भर देताना शिक्षणाचा आणि संस्कृतीचा हेतू बळी पडण्याचा धोका आहे. पुढे गाडी अडली ती शिक्षकांपाशी. ज्यांना स्वतःला कातता येत नाही ते कातण्यातून गणित काय शिकवणार? शहरातल्या शाळा होत्या तशाच राहिल्या आणि ‘मूलोद्योग शाळा’ म्हणजे खेड्यातल्यांसाठीची दुय्यम शाळा, असं पालकांच्या मनात बसलं. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ च्या काळात ‘कार्यानुभव’ हा शब्द पुढे आणला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ सुचवलं. सगळ्या शिक्षणाचा कणा व्हायचा होता तो हस्तोद्योग वेळापत्रकातली एक तासिका झाला. माझ्या लहानपणी त्या तासाला आम्ही कागदी फुलं करायचो. फुलं छान व्हायची, पण त्यांतून कोणी काही मोजलं नाही.

नई तालीमच्याच काळात दुसरी एक वाट बालशिक्षणातून येत होती. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिल्या, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. पुढे त्या गुजरातेत गेल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम केलं आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसरीचं साहित्य देखणं, मोजूनमापून घडवलेल्या लाकडी ठोकळ्यांचं, आणि तसंच महाग. १९४५ मध्ये त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि या दोघींनी त्या लाकडी ठोकळ्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं आणि काटक्या आणल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तो मराठी शब्द देशभर गेला. चिंचोक्याच्या डब्याची थेट वंशावळ सांगायची तर ती मी बोर्डीपासून सांगते. लहान-मोठा, जड-हलका, कमी-जास्त हे बीमधून जेवढं कळतं तेवढंच पॉलिश केलेल्या ठोकळ्यातून कळतं, हे त्यांनी करून दाखवलं.

महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा वाढल्या, पण बऱ्याच ठिकाणी एक खोली, एक गुरुजी आणि भिंतीवर रंगवलेला काळा चौकोन. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर दुसऱ्या वर्षी खडू-फळा योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक, त्यांत शक्यतो एक शिक्षिका, आणि साहित्याचा संच : नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानपेटी, गणितपेटी, खेळणी, शिवाय ढोलकी, तबला, मंजिरी, हार्मोनियम. ज्या गावात गावकऱ्यांच्या भजनी मंडळाकडेच काय ती बाजाची पेटी असायची, तिथल्या शाळेत ती आली, ही मोठीच गोष्ट होती.

आणि ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढली. वस्तू रजिस्टरला चढली की ती फुटली, हरवली तर जबाबदारी मुख्याध्यापकाची. मी नोकरीला लागले तेव्हा एका शाळेत मला विज्ञानपेटी दाखवली गेली. कुलूप गंजलेलं, आतलं भिंग कागदात गुंडाळलेलं, कागदही मूळचाच. ‘पोरं फोडतात मॅडम,’ एवढंच उत्तर मिळालं. त्या गुरुजींना मी दोष देत नाही. भिंगाची किंमत पगारातून कापली जाण्याची भीती खरी होती. पण त्या भिंगाखालून कापसावरची मावा कीड पाहायला मिळाला असता अशी मुलांची किती वर्षं गेली, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

सातपुड्यापलीकडे खडू-फळा योजनेच्या कितीतरी आधी वेगळं घडत होतं. होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ मध्ये विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीच्या मुलांनी प्रयोग स्वतः करायचे, जमेल तितक्या गावातल्याच वस्तू घेऊन. १९७८ मध्ये पुण्याच्या कारखान्यातून रजा घेऊन गेलेले अरविंद गुप्ता तिथे पोचले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे नि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्यांनी भूमितीचे आकार बनवले. त्रिकोण दाबला तरी मोडत नाही, चौकोन मात्र कलतो. हे एकदा बोटांनी केलं की घराच्या छपराला कैची का असते ते मुलाला सांगावं लागत नाही. तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद केला गेला, पण काड्या आणि ट्यूब पुस्तकांतून, कार्यशाळांतून आमच्यापर्यंत आल्या.

सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळू लागले. रक्कम लहान, पण पहिल्यांदाच ‘तुला हवं ते घे’ असं कोणीतरी म्हटलं होतं. त्यातून बरंचसं थर्माकोल आलं, हे मान्य करायला हवं. थर्माकोलचा ज्वालामुखी, थर्माकोलची पचनसंस्था, केंद्रशाळेच्या प्रदर्शनात मांडायची आणि मुलांनी हात लावायचा नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आता लेखी चाचणीबरोबर प्रात्यक्षिक, उपक्रम आणि प्रकल्प यांनाही गुण होते. त्याचा परिणाम म्हणून उपक्रम वाढले, आणि उपक्रमांच्या फाइलीही.

२२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या प्रत्येक मूल शिकतं करायच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. त्याआधीपासून साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या (एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटातल्या) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. विदर्भातूनही गाड्या करून गेले. परत आले ते फरशीवर आखणी करायचा रंग घेऊनच. संख्यारेषा, शब्दडोंगर, गप्पांचा फळा, शंभर मण्यांची माळ, दशकाचे दांडे. मला यात सगळ्यात मोलाचं वाटलं ते साहित्याचं भिंतीवरून जमिनीवर येणं. बोलकी भिंत मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर बोलते. फरशीवरच्या संख्यारेषेवर मूल उड्या मारतं. पुढे पेंटर लावून एकसारख्या आखण्या झाल्या, कुठे कुठे त्यावर सतरंजी अंथरून नेहमीचाच तास सुरू राहिला. तरीही जिथे शिक्षकांनी त्यामागचा विचार धरला तिथे पहिलीतली मुलं दिवाळीपर्यंत वाचायला लागलेली मी पाहिली आहेत.

हे साहित्य आमच्या वर्गात असण्याचं आणखी एक कारण फार कमी बोललं जातं. कायद्याप्रमाणे ६० मुलांच्या पटापर्यंत पहिली ते पाचवीला दोन शिक्षक. म्हणजे मला एका वेळी तीन वर्ग. मी तिसरीला भागाकार समजावत असताना पहिलीच्या हातात काही तरी असावंच लागतं, नाही तर ती गोठ्यातल्या वासरांसारखी उधळते. शहरात ही साधनं शिकवण्याची जोड असतील. दोनशिक्षकी शाळेत त्यांच्याशिवाय दिवस पार पडत नाही.

साधन गावातलं असलं तरी भाषा गावातली असेलच असं नाही. मेळघाटात मूल कोरकू बोलत येतं, पांढरकवड्याकडे कोलामी, गडचिरोलीत गोंडी नि माडिया. चिंचोके तिथेही आहेत, पण ‘एक, दोन, तीन’ नाही. गोंडी बोलणाऱ्या मुलाला ‘उंदी, रंड, मुंद, नालुंग’ असं मोजू दिलं की त्याचा हात आधी मोकळा होतो, मग तोंड. सेवाग्रामच्या योजनेत मातृभाषेचा आग्रह होताच. या मुलांपर्यंत तो अजून नीट पोचलेला नाही.

सणांचंही तसंच. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून आणायची आपली रीत आहे. बैलांच्या उंचीवरून क्रम लावणं, चाकांचा घेर दोऱ्याने मोजणं, शिंगांची जोडी म्हणजे बेचा पाढा. भुलाबाईच्या गाण्यांनंतर डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ असतो. मुली आंबट का गोड, कोरडं का ओलं असं विचारत विचारत उत्तराजवळ जातात. विज्ञानातलं वर्गीकरण याहून वेगळं काय असतं? हे खेळ कुठल्याच पेटीत आलेले नाहीत.

मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा मोबाइलवरून धडे आले. पण आमच्या भागात फोन वडिलांबरोबर वावरात जायचा. त्या काळात पारावर, समाजमंदिराच्या ओट्यावर पाच-पाच मुलं बसवून शिकवलं ते पुन्हा काड्या नि खड्यांनीच. जुलै २०२१ मध्ये लहान वर्गांत वाचन-गणित पक्कं करायचं निपुण भारत अभियान सुरू झालं, फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळांचा संच आला. खेळातून शिकवा, असं आता दिल्लीतूनही सांगितलं जातं. पेटी पुन्हा आली आहे, तेव्हा तिचं कुलूप काढून ठेवणं आमच्या हातात आहे. काही जिल्ह्यांत खेळताना फुटलेल्या वस्तूची नोंद सहज करून देणारे अधिकारी भेटतात. असे अधिकारी वाढले तर साहित्याच्या दुसऱ्या योजनेची गरज फारशी पडणार नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यामुळे शाळा उशिरा उघडते, जूनच्या अखेरीस नाही तर जुलैत. चैत्रात घरोघरी चिंचा फोडायला बसतात, अंगणात चिंचोक्यांचा ढीग पडतो नि पहिल्या पावसात तो वाहून जातो. म्हणून सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी चौथीच्या मुलांना एवढंच सांगते, की येताना प्रत्येकी शंभर आणा, मोजून, दहा-दहाच्या पुड्या बांधून. जुलैत त्या पुड्या पहिलीची मुलं सोडतात, आणि एखाद्या पुडीत नऊच निघाले की वर्गात जो गलका होतो त्यातून त्या दिवशीचा तास सुरू होतो.