'तुमचे खाते बंद होणार आहे': फिशिंग मेलची पार्श्वभूमी

ई-मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कसा जावा याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, १९८२ साली लिहिले गेले. तेव्हा जाळ्यावर मुख्यतः विद्यापीठे, संशोधन संस्था आणि लष्करी ठाणीच होती, त्यामुळे 'प्रेषक' या रकान्यातले नाव खरे की खोटे हे तपासण्याची सोयच त्यात ठेवली गेली नाही. त्या रकान्यात कोणीही काहीही लिहू शकत असे. पुढच्या सगळ्या भानगडींचे मूळ तिथे आहे.

खोट्या नावाने निरोप पाठवून पासवर्ड उकळण्याचा, म्हणजेच फिशिंगचा, धंदा सुरू झाला तो अमेरिकेतल्या एओएल या इंटरनेट सेवेवर, १९९५च्या सुमारास. 'बिलिंग विभागातून बोलतोय, पासवर्ड सांगा' असे निरोप आपोआप पाठवणारे 'एओहेल' नावाचे सॉफ्टवेअर पोराटोरांच्या हाती होते. शेवटी एओएलला संदेशांच्या खिडकीतच सूचना लावावी लागली, की आमचा कोणीही कर्मचारी पासवर्ड विचारणार नाही. आपल्या बँकांचे एसएमएस आजही तेच बजावतात. २००१मध्ये ई-गोल्ड ही पैशांची सेवा आणि २००३च्या आसपास ईबे, पेपाल लक्ष्य झाले. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २००५मध्ये नॅसकॉम या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेच्या दाव्यात फिशिंग बेकायदा ठरवले. त्यासाठी स्वतंत्र कायदा नव्हता, म्हणून दुसऱ्याचे नाव वापरून फसवण्याबद्दलच्या जुन्या तत्त्वाचा आधार घ्यावा लागला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातली ६६सी (ओळख चोरणे) आणि ६६डी (तोतयेगिरीने फसवणे) ही कलमे लागू झाली २००९मध्ये.

प्रेषक तपासण्याची सोय फार उशिरा आली: एसपीएफ, डीकेआयएम आणि २०१२मध्ये डीमार्क. जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांतून 'मूळ संदेश' पाहिला की या तिन्ही चाचण्यांचा निकाल दिसतो. मात्र 'पास' याचा अर्थ एवढाच, की मेल त्या डोमेनवरूनच, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरूनच, आला. ते डोमेन चोराने स्वतः विकत घेतलेले असेल, तर तोही पास होतो.

ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाचेही तसेच झाले. 'कुलूप दिसले की साइट सुरक्षित' हे वर्षानुवर्षे शिकवले गेले. पुढे त्या कुलपासाठी लागणारी प्रमाणपत्रे फुकट मिळू लागली आणि बनावट साइटींवरही कुलूप आले. क्रोमने २०२३मध्ये ते चिन्हच पत्त्याच्या पट्टीतून काढून टाकले.

मार्च २०१६मधला एक मेल जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरलेल्या हिलरी क्लिंटन यांचे प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने इशारा आला: तुमचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला आहे, ताबडतोब बदला. खाली बटण. त्यामागे आखूड केलेली लिंक, आणि ती उघडल्यावरचा पत्ता असा: 'मायअकाउंट डॉट गूगल डॉट कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज डॉट टीके'. घाईत नजर 'गूगल डॉट कॉम'वर थांबते. पण पत्ता (सुरुवातीचे 'https://' सोडून) पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत घ्यायचा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचायचा. शेवटचे दोन तुकडे (को डॉट इन, बँक डॉट इन असेल तर तीन) खरा मालक सांगतात. आधीचे तुकडे मालक हवे तसे जोडतो. इथे मालक 'कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज डॉट टीके' आहे, गूगलचा संबंध नाही. कार्यालयातल्या तंत्रज्ञाने मेल खरा असल्याचे कळवले. तसे चुकून लिहिले गेले, असे त्याने नंतर सांगितले. गंमत म्हणजे त्याने उत्तरात गूगलच्या खऱ्या पानाची लिंकही दिली होती. दाबले गेले ते मेलमधलेच बटण.

म्हणून मेल खरा वाटला तरी त्यातून आत जायचे नाही. ॲप उघडून किंवा पत्ता स्वतः टाइप करून जायचे. खात्याला खरेच काही झाले असेल तर तिथे सूचना दिसतेच. मोबाइलवर प्रेषकाचे नुसते नाव दिसते, पत्ता नाही. नावावर टिचकी मारून तो पाहावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितले, ते ही ओळख सोपी व्हावी म्हणूनच.

ओटीपीवरही विसंबू नये. आताची बनावट पाने तुम्ही टाकलेला ओटीपी त्याच क्षणी खऱ्या साइटला देतात आणि उघडलेले सत्र, म्हणजे लॉगइन झालेले खाते, चोराकडे ठेवतात. पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल चावी) किंवा सुरक्षा-की (तीच चावी असलेले छोटे उपकरण) इथे टिकते, कारण ती डोमेनशी बांधलेली असते आणि चुकीच्या साइटवर चालतच नाही.

पासवर्ड दिला गेलाच, तर तो बदलून भागत नाही. सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, रिकव्हरी फोन आणि ई-मेल तपासा. मग मेलच्या सेटिंगमधले फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. चोर तिथे स्वतःचा पत्ता टाकून ठेवतो आणि पासवर्ड बदलल्यावरही तुमचे मेल त्याला पोचत राहतात. जोडलेली ॲपही तपासा: मे २०१७मध्ये 'गूगल डॉक्स' नावाच्या बनावट ॲपने पासवर्ड न मागता नुसत्या परवानगीवर मेलमध्ये शिरकाव केला होता. पैसे गेले असतील तर १९३० ही सायबर गुन्ह्यांची मदतवाहिनी आणि बँक, दोन्हीकडे लगेच फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पासवर्ड दिला असेल, तर कळवण्याआधीचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. तक्रार क्रमांक आणि वेळ तिथल्या तिथे लिहून घ्या.