पंतप्रधानांची हत्या झाली की राष्ट्रपती राजवट लागते का?

"पंतप्रधानांची हत्या झाली की देशात आपोआप राष्ट्रपती राजवट लागते." बिंदू चौकातल्या चहाच्या कट्ट्यापासून घरच्या ग्रुपपर्यंत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय.

गैरसमज होणं साहजिक आहे. महाराष्ट्रातच १९८०, २०१४ आणि २०१९ मध्ये ही राजवट आपण पाहिली. पण ती लागते संविधानाच्या कलम ३५६ नुसार, आणि ते कलम फक्त राज्यांसाठी आहे. केंद्रासाठी तशी तरतूदच नाही. उलट कलम ७४ सांगतं, की राष्ट्रपतींना सल्ला द्यायला पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असेल. म्हणजे ती खुर्ची रिकामी ठेवताच येत नाही.

३१ ऑक्टोबर १९८४ आठवा. सकाळी पंतप्रधानांवर गोळ्या झाडल्या गेल्या, संध्याकाळी नव्या पंतप्रधानांचा शपथविधी झाला. (१९६४ आणि १९६६ मध्येही, पंतप्रधान पदावर असताना गेले तेव्हा, हंगामी पंतप्रधान त्याच दिवशी आले.) चौऱ्याऐंशीच्या हत्येचे व्रण उरले ते दुसरीकडे: पुढच्या काही दिवसांत शिखांवर हल्ले झाले, त्यांचे खटले दशकानुदशकं चालले.

पडताळायचंय? संविधानाची मराठी प्रत उघडा, ही दोन कलमं वाचा. जुन्या वाचनालयात १ नोव्हेंबर १९८४ चं वर्तमानपत्र मिळालं, तर शपथविधीची बातमीही बघा.