पाच मिनिटांचा जादा वेळ आणि निकाल लागेपर्यंतचा जादा वेळ

आइस हॉकीविषयी मराठीत जे थोडेफार बोलले-लिहिले जाते, त्यात २०२३ सालचा एक निकाल हमखास येतो. साखळीत १३५ गुणांचा विक्रम करणारा बोस्टन ब्रुइन्सचा संघ प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत फ्लोरिडा पँथर्सकडून हरला, आणि निर्णायक सातवा सामना हरला तो जादा वेळेत. त्यापुढचे वाक्यही ठरलेले असते: जादा वेळ म्हणजे शेवटी नाणेफेकच, बिचाऱ्या बोस्टनचे नशीब फिरले. टोरांटोत स्थायिक झालेला माझा मावसभाऊदेखील, ज्याला हे निश्चितच कळायला हवे, दरवर्षी एप्रिलमध्ये हेच ऐकवतो. नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, ‘जादा वेळ’ या एकाच नावाने दोन वेगळे प्रकार चालतात. एक साखळीतला आणि एक प्लेऑफमधला. पहिल्याला नाणेफेक म्हटले तर मी फारसा वाद घालणार नाही. पण बोस्टन हरले ते दुसऱ्यात.

आयपीएल पाहणाऱ्याला हंगामाची रचना समजावून सांगण्याची गरज नाही. आधी साखळी, मग वरच्या संघांचे प्लेऑफ, आणि अखेरचा सामना जिंकेल तो विजेता. एनएचएलचे आकडे मोठे आहेत इतकेच: ३२ संघ, ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येकाचे ८२ सामने, त्यांतून १६ संघ पुढे, आणि पुढे चार फेऱ्या. साखळीत अव्वल येणाऱ्याला प्रेसिडेंट्स ट्रॉफी मिळते, अखेरच्या विजेत्याला स्टॅनली कप. साखळीतले गुण पुढे नेता येत नाहीत, आणि अव्वल संघाला आयपीएलमधल्या पहिल्या दोघांसारखी हरल्यावर दुसरी संधीही मिळत नाही. सातवा सामना घरच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, खेळायला मिळतो, एवढाच त्याचा लाभ. वर्तमानपत्रे प्लेऑफला सर्रास ‘बाद फेरी’ म्हणतात, ते मात्र मला खटकते, कारण त्या शब्दाने एका सामन्यात खेळ खलास असे चित्र उभे राहते, आणि इथे तर एकाच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ सात सामन्यांपर्यंत झुंजून त्यांतले चार जिंकावे लागतात.

आता मुख्य मुद्दा. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग संपले आणि बरोबरी कायम आहे, तर पुढे काय होते?

साखळीत पाच मिनिटांचा जादा वेळ मिळतो, पण त्यात नेहमीसारखे पाच-पाच खेळाडू आणि गोलरक्षक नसतात. गोलरक्षक सोडून प्रत्येकी तीनच खेळाडू बर्फावर उतरतात. रिंक तेवढीच राहते, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. एरवी दहा जणांच्या गर्दीत वाट शोधत जाणारा पक (चेंडूच्या जागी असणारी रबरी चकती) आता सहा जणांच्या मोकळ्या मैदानात फिरतो. त्यामुळे खेळाची जातच बदलते. ज्याच्या ताब्यात पक आहे तो संघ घाईने मारा करत नाही, कारण नेम चुकला आणि पक समोरच्याला मिळाला तर उलट्या हल्ल्यात आपल्याच गोलापुढे एकास दोन अशी गत होते. म्हणून तो संघ वळसा घालून मागे येतो, खेळाडू बदलतो, पुन्हा चढाई रचतो. प्रशिक्षक आपले सर्वांत वेगवान सहा-सात खेळाडूच आलटून पालटून उतरवतात आणि उरलेला संघ बाकावर बसून पाहतो. पाच मिनिटांत गोल झालाच नाही तर शूटआउट: एकेक खेळाडू मध्यरेषेवरून पक घेऊन एकट्या गोलरक्षकावर चालून जातो, सुरुवातीला तीन-तीन जण, आणि तरी तिढा सुटला नाही तर पुढे एकेक. भारतीय हॉकीचे शूटआउट पाहिलेल्यांना हे दृश्य लगेच ओळखू येईल. तिथे आठ सेकंदांचे बंधन असते आणि पाच-पाच जणांना संधी मिळते, हे फरक किरकोळ आहेत.

प्लेऑफमध्ये यातले काहीही नाही. विश्रांती होते, यंत्र फिरवून बर्फ नव्याने गुळगुळीत केला जातो, आणि पाचास पाच असा नेहमीचाच खेळ आणखी वीस मिनिटांसाठी सुरू होतो. पहिला गोल होताक्षणी सामना संपतो. वीस मिनिटांत गोल झाला नाही तर पुन्हा विश्रांती, पुन्हा वीस मिनिटे, आणि असे कितीही वेळा, कारण शूटआउट नाहीच. भारताने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्धची उपांत्यपूर्व लढत शूटआउटवर जिंकली, तसा निकाल स्टॅनली कपच्या प्लेऑफमध्ये लागूच शकत नाही. २४ मार्च १९३६ रोजी मॉन्ट्रियलमध्ये डेट्रॉइट रेड विंग्स आणि मॉन्ट्रियल मरून्स यांच्यातला सामना सहाव्या जादा भागापर्यंत गेला आणि ११६ मिनिटे ३० सेकंदांच्या जादा खेळानंतर १-० असा सुटला. मूळ तासाभराच्या खेळात धरावी तर ही जवळजवळ तीन सामन्यांची मजल झाली. इतक्या लांबीच्या खेळात वेगवान सहा-सात जणांवर भागत नाही. एरवी मोजकी मिनिटे खेळणाऱ्या तिसऱ्या आणि चौथ्या फळीलाही पाय ओढत बर्फावर यावे लागते, आणि गोलरक्षकाला तर बदली विश्रांतीही नाही. म्हणजे साखळीतला जादा वेळ संघातल्या निवडक खेळाडूंचे कसब तपासतो, तर प्लेऑफमधला जादा वेळ सबंध संघाचा दम तपासतो. दोन्हींत नशीब असते हे खरे, पण पहिल्यात नियमच बदललेले असतात आणि दुसऱ्यात तोच खेळ पुढे चालू राहतो.

एवढ्यावर थांबले असते तरी गोंधळ कमी होता. खरी गफलत गुणतक्त्यात होते, आणि इथे आपली आयपीएलची सवयच आड येते. आयपीएलमध्ये सुपर ओव्हर हरणाऱ्याला शून्य गुण मिळतात. एनएचएलच्या साखळीत ६० मिनिटांत हरणाऱ्याला शून्य, मात्र जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरणाऱ्याला एक गुण मिळतो, आणि जिंकणाऱ्याला दोन्ही प्रकारांत दोनच. म्हणून संघाची कामगिरी तीन आकड्यांत लिहितात. बोस्टनचे ६५-१२-५ याचा अर्थ ६५ विजय, १२ साधे पराभव आणि ५ जादा वेळेतले पराभव. तिसऱ्या आकड्याला कित्येक मराठी तक्ते ‘अनिर्णित’ असे शीर्षक देतात, आणि ते वाचून माझा संताप होतो. एनएचएलमध्ये २००५-०६ पासून अनिर्णित सामना उरलेलाच नाही. तो आकडा पराभवांचाच आहे.

हा एक गुण आला कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी साखळीत बरोबरी झाली की दोघांना एकेक गुण देत. जादा वेळ दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, रेल्वेच्या वेळापत्रकाच्या अडचणीमुळे बंद केला होता आणि तो थेट १९८३-८४ मध्ये परत आला. पण परत आल्यावर संघ त्या पाच मिनिटांत हातपाय हलवीनात, कारण हरलो तर हातातला एक गुण जाण्याची भीती. म्हणून १९९९-२००० पासून ठरले की ६० मिनिटे बरोबरीत संपली की एकेक गुण दोघांचाही पक्का, आणि जादा वेळेत जिंकेल त्याला वर आणखी एक. पुढे २००५-०६ मध्ये शूटआउट आले आणि २०१५-१६ मध्ये चारास चारऐवजी तिनास तीन झाले. भीती गेली खरी, पण ती जादा वेळेतून उठून तिसऱ्या भागाच्या शेवटच्या दहा मिनिटांत जाऊन बसली. बरोबरी असेल तर तिथे आता दोन्ही संघ धोका टाळतात, कारण तेवढी मिनिटे निभावली की निदान एक गुण खात्यात पडतो. शिवाय काही सामन्यांत एकूण दोन गुण वाटले जातात आणि काहींत तीन, हा हिशोब कोणत्याही किराणा दुकानदाराने चालवून घेतला नसता.

त्याचा परिणाम २०२२-२३ च्या पूर्व विभागातच पाहा. बफेलो सेबर्स ४२-३३-७ म्हणजे ९१ गुण. पिट्सबर्ग पेंग्विन्स ४०-३१-११ म्हणजे तेही ९१. दोन सामने कमी जिंकूनही पिट्सबर्ग बफेलोच्या बरोबरीला आले, कारण ते ‘योग्य वेळी’ हरले. आणि फ्लोरिडा ४२-३२-८, म्हणजे ९२. बफेलोइतकेच विजय आणि तितकेच एकूण पराभव. त्यांतला आणखी एक पराभव जादा वेळेत झाला एवढाच फरक. (गुण समान झाले असते तर ६० मिनिटांत मिळवलेले विजय मोजून क्रम लावला गेला असता, तो भाग निराळा.) या एका गुणाच्या फरकाने फ्लोरिडा प्लेऑफची अखेरची जागा घेऊन गेले आणि त्यांची गाठ थेट बोस्टनशी पडली.

‘८२ पैकी ४२ जिंकले आणि ३२ हरले, म्हणजे संघ दहाने पुढे’ असे फ्लोरिडाबद्दल लिहिलेले मी वाचले आहे. संघ ४० सामने हरला होता. तो दहाने पुढे नव्हता, दोनाने होता.

बोस्टनचा विक्रमही याच चष्म्यातून पाहायला हवा. त्यांच्या १३५ गुणांतले पाच हरून मिळालेले आहेत. आधीचा विक्रम मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा होता: १९७६-७७ मध्ये ६० विजय, ८ पराभव आणि १२ खरेखुरे अनिर्णित सामने, एकूण १३२ गुण, आणि तेही ८० सामन्यांत, जेव्हा साखळीत जादा वेळच नव्हता. शक्य असलेल्या गुणांपैकी किती मिळवले हे काढले तर मॉन्ट्रियलचे प्रमाण ८२.५ टक्के येते आणि बोस्टनचे ८२.३ टक्के. बोस्टनचा संघ अप्रतिम होता याविषयी मला शंका नाही. पण निरनिराळ्या नियमांखाली साठलेले गुण एकाच रांगेत उभे करून ‘सर्वकालीन सर्वोत्तम’ अशी आरोळी ठोकणे मला मान्य नाही.

यावर उपाय अवघड नाही. जागतिक आइस हॉकी महासंघाच्या स्पर्धांत ६० मिनिटांतल्या विजयाला तीन, जादा वेळेतल्या विजयाला दोन, तशा पराभवाला एक आणि साध्या पराभवाला शून्य गुण देतात. उत्तर अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगनेही २०२४ मध्ये आपला पहिला हंगाम सुरू करताना हीच पद्धत घेतली. प्रत्येक सामन्यात तीनच गुण वाटले जातात आणि वेळेत जिंकण्याला किंमत राहते. एनएचएलने ती का घेऊ नये, याचे पटणारे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. तक्त्यातले संघ एकमेकांच्या जवळ दिसत राहतात आणि मार्चपर्यंत तिकिटे खपतात, हे उत्तर मला समजते, पण पटत नाही.

आता पुन्हा बोस्टन आणि फ्लोरिडाकडे येऊ. बोस्टन मालिकेत ३-१ असे पुढे होते. पाचवा सामना फ्लोरिडाने जादा वेळेत ४-३ असा घेतला, गोल मॅथ्यू कचक याचा. सहावा ७-५ असा ठरलेल्या वेळेतच गेला. सातव्यात, ३० एप्रिल २०२३ रोजी बोस्टनच्या घरच्या रिंकवर, शेवटचे मिनिट उरलेले असताना ब्रँडन मॉन्टूरने बरोबरी साधली आणि जादा वेळेत कार्टर व्हरहेगेने गोल केला, पुन्हा ४-३. साखळीत असते तर या दोन पराभवांचे दोन गुण बोस्टनच्या खात्यात पडले असते आणि तक्त्यात त्यांचे फारसे बिघडले नसते. प्लेऑफमध्ये ते निव्वळ पराभव होते, सहाव्या सामन्यातल्या पराभवाइतकेच.

मग पुढच्या दोन फेऱ्यांत फ्लोरिडाने टोरांटोला जादा वेळेत दोनदा हरवले (मावसभाऊ त्याविषयी बोलत नाही) आणि कॅरोलायनालाही दोनदा. त्यांतला कॅरोलायनाविरुद्धचा पहिला सामना चौथ्या जादा भागाचे तेरा सेकंद उरले असताना सुटला, आणि तोवर फ्लोरिडाचा गोलरक्षक सर्गेई बॉब्रोव्स्की याने ६३ फटके अडवले होते. अंतिम मालिकेत व्हेगास गोल्डन नाइट्सविरुद्धचा तिसरा सामनाही त्यांनी जादा वेळेतच घेतला. म्हणजे साखळीत जादा वेळ आणि शूटआउट मिळून आठ सामने घालवणारा हा संघ प्लेऑफच्या जादा वेळेत सातपैकी सात जिंकला. सातांत नशिबाचा वाटा काहीच नव्हता असे मी म्हणणार नाही. पण साखळीतल्या त्या आठ पराभवांवरून ‘हा संघ जादा वेळेत कच्चा’ असे भाकीत कोणी केले असते, तर त्याने एका खेळाची गुणपत्रिका दुसऱ्या खेळाला लावली असती.

व्हेगासने आपले चारही विजय ६० मिनिटांच्या आतच मिळवले. १३ जून २०२३ च्या पाचव्या आणि अखेरच्या सामन्यात तर गुणफलक ९-३ होता.