गोधडी खाली, रजई वर: उलटं केलंत तर पहाटे तीनला उठाल

इंदूरच्या मराठी घरांत "ओढायला काहीतरी दे" म्हटलं की जे हाताला लागेल ते अंगावर येतं. गोधडी काय नि रजई काय, दोन्ही जाड, दोन्ही सुती, म्हणजे एकच, असं आपण धरून चालतो. घरात चार भिंतींच्या आत ते खपूनही जातं. उघड्यावर नाही खपत.

मला हे डिसेंबरात कळलं. महूकडे मामेभावाच्या शेतावर दाल-बाफले हाणायचे, रात्री गव्हाला पाणी पण द्यायचंय म्हणून मुक्काम तिथेच, असं ठरलं. मी शहाणपणा करून घरून दोन रजया नेल्या, तीन-तीन किलो कापसाच्या, एक खाली एक वर, म्हटलं आता बघू थंडी काय करते ते. मामेभावाने मात्र मामीच्या दोन जुन्या गोधड्या दुमडून खाली टाकल्या, वर एकच रजई घेतली आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. पहाटे तीनला माझं पोट गरम आणि पाठ बर्फ. कूस बदलली की पाठ गरम आणि कुशीत गारठा. खालची रजई हात घालून बघितली तर माझ्या खाली अगदी पापडासारखी चपटी, आणि कडेला जिथे मी नव्हतो तिथे मस्त फुगलेली!

तर भानगड अशी आहे की ऊब कापसात नसते, कापसात अडकलेल्या हवेत असते. रजईत खोळीच्या आत पिंजलेला कापूस असतो आणि टाके लांब लांब, कारण कापसाला फुलायला जागा हवी. जितकी फुगलेली तितकी हवा जास्त आणि तितकी ऊब जास्त. अंगावर घेतली तर फुगलेलीच राहते कारण वरून दाबायला कोणी नाही. अंगाखाली घातली की साठ-सत्तर किलोचा माणूस सगळी हवा बाहेर काढतो, मग उरतो काय तर दाबलेला कापूस, आणि त्यातून जमीन आरामात तुमची उष्णता ओढून घेते.

गोधडीचं उलट. जुनी लुगडी, धोतरं, चादरी एकावर एक पसरायची आणि धावदोऱ्याने जवळ जवळ शिवत जायचं, पार मधल्या चौकटीपर्यंत. यात फुगण्यासारखं काही नसतंच, म्हणून चेपण्यासारखंही फारसं नसतं. जी काही थोडी हवा थरांत आणि टाक्यांमधल्या सुरकुत्यांत आहे ती तुम्ही वर झोपलात तरी बऱ्यापैकी तिथेच राहते. म्हणून अंथरायला गोधडी, पांघरायला रजई. एका गोधडीने डिसेंबरात भागत नाही हे पण सांगतो, दुमडून चार पदर तरी करा आणि खाली वाळका चारा किंवा फोमची मॅट मिळाली तर सोन्याहून पिवळं.

हल्ली पोरं स्लीपिंग बॅग घेऊन महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर जातात, त्यांचं पण तेच होतं. बॅगेचा खालचा भाग अंगाखाली चेपला जातो, म्हणून तर मॅट वेगळी विकतात आणि तिच्यावर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती उष्णता किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेली असते. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, हे फार कामाचं आहे. आणि बॅगेवरचा मोठा आकडा बघून फसू नका. आयएसओ २३५३७ या स्लीपिंग बॅगांच्या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तापमानाचे वेगळे आकडे असतात. एक्स्ट्रीम म्हणजे कसाबसा जीव वाचेल इतकंच, झोपेचा काही संबंध नाही. आपण बघायचा तो कम्फर्ट.

आता दव. थंडीत निरभ्र रात्री उघड्या आकाशाखाली झोपलात की पांघरुणाचा वरचा कपडा आपली उष्णता सरळ आकाशात सोडतो, हवेपेक्षाही गार होतो आणि त्याच्यावर दव धरतं. शेतात पाणी सोडलेलं असेल तर विचारूच नका. रजईचा कापूस एकदा दमट झाला की बसतो, जड होतो, ऊब गेली. म्हणून रजईच्या वर घोंगडी टाकायची, लोकर बरीच ओल पिऊनही तितकी गार लागत नाही. प्लास्टिकची ताडपत्री थेट रजईवर टाकायचा मोह होतो पण नका टाकू, अंगातली वाफ बाहेर जात नाही आणि रजई आतून भिजते. ताडपत्री हातभर उंच बांधा, नाहीतर सरळ झाडाखाली किंवा शेडखाली झोपा, वर काहीतरी असलं की दव कमी पडतं.

उन्हाळ्यात रजई पेटीत. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, माळव्याचं पठार, मे महिन्यात हवा कोरडी, त्यामुळे दिवसभर कितीही भाजलं तरी रात्र उतरते. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, म्हणतात ते उगाच नाही. पण गच्चीचा स्लॅब काही शब-ए-मालवा वगैरे मानत नाही, तो दिवसभराची उष्णता रात्री बारापर्यंत परत देत बसतो. संध्याकाळी दोन-चार बादल्या पाणी मारा, पूर्ण वाळू द्या, मग गोधडी टाका. ओल्या स्लॅबवर टाकलीत तर गोधडी पाणी ओढते आणि सकाळी तो कुबट वास, आई ओरडते ते वेगळं. खाट असेल तर फारच छान, खालून वारा खेळतो. हीच खाट थंडीत वैरी होते बरं का, वारा तेव्हाही खालूनच खेळतो, त्यामुळे तिच्यावर गोधड्यांचा जाड थर हवाच. पहाटे चारला जो गारवा सुटतो त्याला एक पातळ गोधडी किंवा दुलई पायाशी ठेवली की झालं. दुलई म्हणजे रजईचीच धाकटी बहीण, कापूस कमी.

पावसाळ्यात दोन्ही घरात ठेवा, मॅट आणि चादर पुरे.

धुण्याचं पण वेगळं आहे. गोधडी धुता येते, भिजली की एकट्याला उचलत नाही, दोघांनी दोन टोकं धरून पिळायची. रजई मात्र पाण्यात घालायची नाही, कापसाचे गोळे होतात. नुसती खोळ धुवा, रजईला ऊन दाखवा, उन्हात ओल उडते आणि कापूस परत फुलतो. दोन-तीन हिवाळ्यांनंतर उन्हानेही फुलेनाशी झाली की पिंजाऱ्याकडे न्यायची. माझी ती शेतावरची चपटी रजई अजून नेलेली नाही, आणि मामी म्हणते इकडे आण, कापूस काढून टाकते नि खोळीची गोधडीच शिवते.