स्टेनलेस स्टीलच्या रसायन-टाक्या : बाह्य गंजापासून संरक्षण

रसायने साठवणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांना बाहेरून, म्हणजे खारी हवा, इन्शुलेशनमध्ये मुरलेले पाणी, परक्या लोखंडाचा कीस किंवा तळाशी साचलेली ओल यांमुळे होणारे क्षरण, आणि ते टाळण्याचे उपाय. टाकीचा धातू ठरवताना आतल्या द्रव्याचा विचार बारकाईने होतो. बाहेरची बाजू मात्र ‘स्टेनलेस’ या नावाच्या भरवशावर राहते. तीव्र नायट्रिक आम्ल वर्षानुवर्षे सांभाळणारी ३०४ प्रतीच्या (क्रोमियम-निकेलयुक्त नेहमीच्या) स्टेनलेसची टाकी बाहेरच्या मिठाने तडकू शकते, हे म्हणूनच ठासून सांगणे आवश्यक आहे.

निष्क्रियता : पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असले की पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा क्रोमियमयुक्त ऑक्साइडचा पापुद्रा आपोआप धरतो व खरचटल्यास पुन्हा भरून येतो. तीव्र नायट्रिक आम्लात लोखंड निष्क्रिय होते, म्हणजे विरघळायचे थांबते, हे रसायनज्ञ जेम्स कीर यांनी १७९० मध्ये नोंदवले होते. १८३६ च्या सुमारास रसायनज्ञ शोनबाइन व मायकेल फॅरडे यांच्यात या घटनेच्या कारणावर पत्रव्यवहार झाला. फॅरडे यांचा कल ऑक्साइडच्या थराकडे होता. यू. आर. इव्हान्स यांनी १९२७ मध्ये लोखंडावरील असा पापुद्रा धातूपासून सुटा करून दाखवला. याउलट एच. एच. उलिग यांनी पृष्ठभागावर अधिशोषित झालेल्या (नुसत्या चिकटून राहिलेल्या) ऑक्सिजनला महत्त्व दिले. टाक्यांच्या संरक्षणापुरते पाहता पापुद्र्याची उपपत्ती अधिक उपयोगी पडते, कारण क्लोराइड तो नेमका एका ठिकाणी भेदते आणि बाकीचा पृष्ठभाग चकचकीतच राहतो.

तडे : सगळ्यांत घातक प्रकार म्हणजे क्लोराइडमुळे होणारे ताण-क्षरण. त्यासाठी क्लोराइड, ओल, उष्णता आणि धातूतील ताण एकत्र यावे लागतात. यांपैकी ताण टाकीत जन्मापासून असतो. वेल्डिंगनंतर जोडालगत तो उरतोच. एच. आर. कॉप्सन यांच्या १९५९ मधील आलेखानुसार उकळत्या मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये तडकण्याचा धोका निकेल सुमारे ८ टक्के असताना सर्वाधिक असतो. ३०४ प्रतीत निकेल जवळपास तेवढेच असते. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने खड्डे पडणे लांबते, पण तड्यांपासून पुरती सुटका होत नाही. २२०५ सारखी ड्युप्लेक्स (दोन प्रकारच्या स्फटिकरचनांची मिश्र) पोलादे बरीच सरस ठरतात.

धोका किती तापमानापासून सुरू होतो, याबद्दल एकवाक्यता नाही. इन्शुलेशनखालच्या पृष्ठभागासाठी साधारण ५० ते १७५ अंश सेल्सिअस हा पट्टा सांगितला जातो. काही मार्गदर्शिका ६० ते २०५ असा धरतात. मात्र ९ मे १९८५ रोजी स्वित्झर्लंडमधील ऊस्टर येथे बंदिस्त जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जण मृत्युमुखी पडले. ते छत पेलणाऱ्या स्टेनलेस सळ्या जेमतेम खोलीच्या तापमानाला ताण-क्षरणाने तुटल्या होत्या. म्हणून खालची मर्यादा सुरक्षेची हमी मानू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मीठ ओले होण्यास पाऊसच हवा असेही नाही. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतील ओल शोषून पाझरते, पण समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या आसपासच. कोकण किनाऱ्यावर हवा याहून कोरडी क्वचितच असते. पावसाळ्यात उघड्या भिंती धुऊन निघतात. छताच्या कडेखाली, शिडीच्या पट्ट्यांमागे, नावाच्या पाटीआड मात्र मीठ साचत राहते. अशा जागा गोड्या पाण्याने मुद्दाम धुवाव्या लागतात.

इन्शुलेशनखाली : क्लॅडिंगचा (इन्शुलेशनवरील आच्छादनाचा) पत्रा उघडला की वरची इन्शुलेशनची लोकर हाताला कोरडी लागते, खालच्या आधार-कड्यापाशी तीच मुठीत पिळली तर पाणी गळते. तिथला धातू पुसून डीपी टेस्ट (तड्यांत रंगीत द्रव मुरवून ते दाखवणारी चाचणी) केली, तर पांढऱ्या लेपावर झाडाच्या फांद्यांसारख्या लाल रेषा उमटतात. पाणी बहुधा नोझल, शिडीचे आधार आणि सीलंट सुकलेल्या सांध्यांतून शिरते. उन्हाने व टाकीच्या उष्णतेने ते आटते, मीठ मागे उरते, आणि प्रत्येक फेरीत क्लोराइड दाट होत जाते.

उपाय दोन परंपरांत विभागलेले दिसतात. एक, इन्शुलेशनआधी एपॉक्सी किंवा एपॉक्सी-फिनॉलिक लेप देणे. दुसरी, ॲल्युमिनियमची पातळ फॉइल गुंडाळणे. ती पाणी अडवते आणि स्वतः झिजून पोलादाला विद्युत-रासायनिक संरक्षण देते. फॉइलचे काम स्वस्त व सोपे आहे, पण कॉस्टिक (दाहक अल्कली) सांडण्याची शक्यता असेल तिथे ॲल्युमिनियम टिकत नाही. तिथे लेपच योग्य. इन्शुलेशनमध्ये विद्राव्य क्लोराइड कमी आणि तडे रोखणारे सोडियम सिलिकेट पुरेसे असावे.

जस्ताचा वाद : स्टेनलेसवर जस्तयुक्त प्रायमर वर्ज्य मानतात. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते आणि आगीत ताणाखालच्या पोलादात शिरून ते ठिसूळ करते. १ जून १९७४ च्या इंग्लंडमधील फ्लिक्सबरो स्फोटात २८ जण दगावले; तिथल्या एका आठ इंची नळाला जस्तामुळे तडा गेला आणि तिथूनच दुर्घटना सुरू झाली, असा एक पक्ष होता. चौकशी न्यायालयाने तो बाजूला ठेवून वीस इंची तात्पुरत्या जोडनळाला कारण मानले, आणि सामान्यतः तेच स्वीकारले जाते. त्याच कारखान्यातील पाचव्या रिॲक्टरची कथा येथे अधिक बोलकी आहे. गळती विरळ करण्यासाठी त्यावर बाहेरून सोडलेल्या पाण्यात नायट्रेट होते आणि त्याने बाहेरचे साधे पोलाद तडकले; आतले स्टेनलेसचे अस्तर तो तडा रोखू शकले नाही.

इतर काळजी : साध्या लोखंडावर वापरलेला ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसला लावू नये, रुतलेला कीस गंजून खड्ड्यांची सुरुवात करतो. ब्लास्टिंगला (जोराने कण मारून पृष्ठभाग साफ करायला) स्टील ग्रिट नव्हे, गार्नेट हे खनिज वापरतात. वेल्डचा निळसर डाग पिकलिंगने (आम्लाने धुऊन) काढतात. शिडी व आधारांचे पॅड स्टेनलेसचेच असावेत. सपाट तळाच्या टाकीत भिंतीवरून ओघळणारे पाणी तळपत्र्याखाली ओढले जाते. ते पायाबाहेर ठिबकावे म्हणून कडेला झुकती पट्टी जोडतात.