एसी गार करत नाही? गॅसच्या आधी हवेची वाट तपासा

घरातल्या एसीची हवा पूर्वीसारखी गार लागेनाशी झाली की ‘गॅस संपला असेल’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा यंत्र उघडून पाहण्याआधीच काढला जातो. हा निष्कर्ष तपासून घ्यायला हवा, कारण एसीतला गॅस, म्हणजेच शीतक, इंधनासारखा जळून खर्च होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती नसेल तर दोष दुसरीकडे शोधायला हवा, आणि तो बऱ्याचदा हवेच्या वाटेत सापडतो.

एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. आतल्या युनिटच्या कॉइलमध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांमधून वळणे घेत जाणाऱ्या नळीत, दाब तुलनेने कमी असतो आणि त्या दाबाला शीतक साधारण ५ ते १० अंश सेल्सिअस तापमानाला उकळते. उकळण्यासाठी लागणारी उष्णता ते खोलीतल्या हवेतून घेते. कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो, त्यामुळे ती बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापते. बाहेरच्या युनिटमध्ये ती आपली उष्णता सोडून पुन्हा द्रवरूप होते, आणि अरुंद नळीतून किंवा व्हॉल्व्हमधून पुढे जाताना दाब एकदम उतरल्यामुळे गार होऊन आतल्या कॉइलकडे परतते. या फेऱ्यात उष्णता घ्यायची ती हवेकडून आणि द्यायची तीही हवेलाच, त्यामुळे दोन्हीपैकी एका ठिकाणी जरी हवा अडली तरी पूर्ण भरलेला गॅसही निरुपयोगी ठरतो.

आतल्या बाजूला हवा अडवणारी पहिली गोष्ट म्हणजे धुळीने भरलेला फिल्टर. फिल्टरच्या जाळीवर धुळीचा करडा थर बसला की कॉइलवरून जाणारी हवा कमी होते, शीतकाला पुरेशी उष्णता मिळत नाही आणि कॉइलचे तापमान शून्याखाली उतरते. मग हवेतली वाफ कॉइलवर नुसती पाणी होऊन न थांबता गोठू लागते. हा बर्फ पांघरुणासारखा उष्णता अडवतो आणि पत्र्यांमधल्या बारीक फटीही बुजवतो, त्यामुळे हवा आणखी कमी होते आणि बर्फ आणखी वाढतो. बाहेर येणारा झोत मंद होतो, आणि यंत्र बंद केले की वितळलेले पाणी भिंतीवरून ओघळते. अशा वेळी बर्फ खरवडू नये, कारण कॉइलचे ॲल्युमिनियमचे पत्रे अतिशय पातळ असतात आणि त्यांच्या आतल्या नळीला टोक लागले तर नसलेली गळती खरोखरच सुरू होते. एसीचे गार करणे बंद करून त्याचा नुसता पंखा (फॅन मोड) काही तास चालू ठेवावा, फिल्टर साध्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा आणि मगच यंत्र पुन्हा चालू करावे.

गॅस कमी झाल्यावरही कॉइलवर बर्फ जमतो, आणि इथेच गल्लत होते. तरीही दोन्हींची खूण सहसा वेगळी असते. हवा अडल्यामुळे जमणारा बर्फ कॉइलच्या बऱ्याच मोठ्या भागावर पसरतो. गॅस कमी असेल तर शीतक कॉइलमध्ये शिरताच उकळून संपते, त्यामुळे सुरुवातीच्या भागावर आणि तिथवर येणाऱ्या बारीक नळीवर हिम दिसते, तर उरलेली कॉइल कोरडी आणि कोमट राहते. गळतीची आणखी एक खूण डोळ्यांना दिसते. कॉम्प्रेसरचे वंगण शीतकासोबत नळ्यांमधून फिरत असते, त्यामुळे जिथून गॅस निसटतो तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. नळ्यांच्या जोडांवर असा डाग दिसला, किंवा साबणाचे पाणी लावल्यावर बुडबुडे आले, तर गळतीचा संशय पक्का होतो. अशा वेळी आधी गळती बंद करणे, नळ्या नायट्रोजनच्या दाबाखाली तपासणे, निर्वात पंपाने आतली हवा आणि ओलावा काढणे आणि यंत्रावर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस मोजून भरणे, हा कामाचा योग्य क्रम आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे तेच दुखणे काही महिन्यांसाठी पुढे ढकलणे, आणि शिवाय तापमानवाढीला हातभार लावणारा वायू हवेत सोडणे. आर-३२ या प्रचलित शीतकाचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. तो थोडासा ज्वलनशीलही आहे, म्हणून त्याच्या नळ्यांवर घरी प्रयोग करू नयेत.

घरी करता येण्याजोगी एक चाचणी मात्र सोपी आणि उपयोगाची आहे. फिल्टर स्वच्छ करून एसी पंधरा-वीस मिनिटे पूर्ण वेगाने चालवावा आणि साध्या तापमापकाने वरून आत शिरणाऱ्या व खालून बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. फरक साधारण ८ ते १२ अंशांचा असेल तर यंत्र आपले काम करत आहे, आणि दोष खोलीत शिरणाऱ्या उन्हात, उघड्या फटींत किंवा खोलीच्या मानाने अपुऱ्या क्षमतेत शोधावा. हवा फार दमट असेल तर हा फरक कमी भरतो, कारण यंत्राची बरीच शक्ती वाफेचे पाणी करण्यात जाते. तासाला एक लिटर पाणी काढायलाच सुमारे ६८० वॅट क्षमता लागते, आणि दीड टनाच्या एसीची एकूण क्षमता सुमारे ५,३०० वॅट असते.

हेच पाणी खोलीत गळू लागले की लोक घाबरतात, पण कारण बहुधा साधे असते: निचऱ्याच्या नळीत बुळबुळीत शेवाळ साचलेले असते किंवा नळीचा उतार बिघडलेला असतो. कुबट वासही ओल्या कॉइलवर आणि पाण्याच्या तबकात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळेच येतो.

बाहेरच्या युनिटकडे सहसा कोणाचेच लक्ष नसते. त्याच्यासमोर सामान रचले किंवा ते बंदिस्त कोनाड्यात बसवले तर त्याने फेकलेली गरम हवा तेच पुन्हा ओढून घेते, दाब वाढतो, विजेचा वापर वाढतो आणि ऐन उन्हाच्या वेळी कॉम्प्रेसर बंद पडतो. बंद पडलेला कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला नाही तर तोही बिघाड समजू नये. दोन्ही बाजूंचे दाब सारखे व्हावेत म्हणून बहुतेक यंत्रे सुमारे तीन मिनिटे थांबतात. मात्र साध्या, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर नसलेल्या, एसीचा कॉम्प्रेसर नुसता घुमून काही सेकंदांत पुन्हा बंद होत असेल तर त्याला सुरू व्हायला मदत करणारा विजेचा भाग, म्हणजे कॅपॅसिटर, कमजोर झाल्याची शक्यता मोठी असते. तो भाग स्वस्त आणि बदलायला सोपा असला तरी वीज तोडल्यानंतरही त्यात विद्युतभार शिल्लक राहतो, त्यामुळे त्याला तंत्रज्ञानेच हात लावावा. जळका वास येत असेल किंवा सर्किट ब्रेकर वारंवार पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करून पाहू नये. एसीचा वीजपुरवठा बंदच ठेवावा आणि तपासणी होईपर्यंत यंत्र चालवू नये.